यंत्रांशी दोस्ती : क्लच केवढा, चाक केवढं?

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. नीट वाचा हं!

एका जुन्या स्पोर्ट्स गाडीतून फक्त चार किलो लोखंड कमी केलं. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून पळवली, तर ती चक्क शंभर किलोनं हलकी झाल्यासारखी उसळली. पण चौथ्या गिअरमध्ये? तिथे फरक पडला जेमतेम आठ किलोचा! गाडी तीच, इंजिन तेच, काढलेलं लोखंडही तेच. मग पहिल्या गिअरमध्ये शंभर आणि चौथ्यात आठ, असं कसं?

उत्तर लगेच सांगत नाही. आधी गाडीच्या पोटात शिरू या. उत्तर सापडलं, की एक मोठा निर्णयही आपण मिळून घेणार आहोत. जुन्या स्पोर्ट्स गाडीसाठी क्लच कोणता घ्यायचा आणि फ्लायव्हील केवढं ठेवायचं, हा तो निर्णय. त्यात पैसे वाया जाऊ शकतात, चांगलं इंजिन खराब होऊ शकतं, आणि वेळप्रसंगी माणसाचा पायही जायबंदी होऊ शकतो. तेव्हा घाई नको!

आपली गाडी कोणती?

उदाहरणासाठी आपण एक खरीखुरी गाडी घेऊ : इंग्लंडची एमजीबी. 'एमजी' म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावातल्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही बुटकी, दोन माणसांची गाडी तयार होत असे. पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या! त्यातल्या कित्येक आजही जगभर हौशी लोकांनी जिवापाड जपल्या आहेत.

तिचं इंजिन १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं. ताकद ९५ अश्वशक्ती. आणि या इंजिनाचं आपल्याशी नातं आहे बरं का! आपल्याकडची अँबॅसडर आठवते ना? निदान आईबाबांना तरी नक्की आठवेल. तिच्यात अनेक वर्षं १४८९ सीसीचं जे पेट्रोल इंजिन होतं, ते याच 'बी-सिरीज' घराण्यातलं. म्हणजे लग्नाच्या वरातीत फुलं लावून डुलत जाणारी अँबॅसडर आणि शर्यतीत धावणारी एमजीबी या चुलत बहिणी!

आणि एमजीबी शर्यतीत धावलीही. १९६३ साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत एक एमजीबी वाळूत रुतून बसली. चालक अ‍ॅलन हचिसन यानं फावड्यानं वाळू उपसून ती बाहेर काढली. त्यात सुमारे दीड तास गेला. तरीही त्याच्या आणि पॅडी हॉपकर्क याच्या त्या गाडीनं शर्यत पुरी केली आणि बारावा क्रमांक मिळवला. चोवीस तासांच्या शर्यतीत नुसता वेग उपयोगी पडत नाही, शेवटपर्यंत टिकावं लागतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

फ्लायव्हील म्हणजे शक्तीची बँक

कुंभाराचं चाक पाहिलंय? काठीनं एकदा जोरात फिरवलं, की बराच वेळ ते आपलं आपण फिरत राहतं. तेवढ्यात कुंभारदादा मडकं घडवून मोकळे होतात. शेतातल्या जुन्या एक-सिलिंडर डिझेल इंजिनाला बाजूला एक भलंमोठं जड चाक असतं. 'धक् धक् धक्' करत ते इंजिन चालतं, पण दोन 'धक्'च्या मधे इंजिनाला कोण फिरवतं? ते चाकच! तेच फ्लायव्हील. शाळेच्या पुस्तकात त्याला गतिपालक चक्र म्हणतात. नाव अगदी योग्य आहे, कारण ते गती पाळतं, सांभाळतं.

इंजिनात पेट्रोल सतत जळत नाही, ठोक्याठोक्यानं जळतं. एमजीबीच्या चार सिलिंडरांत क्रँकशाफ्टच्या दर अर्ध्या फेऱ्याला एक ठोका बसतो. ठोका बसला की चाक शक्ती साठवतं. ठोका संपला, की थोडी परत देतं. बँकेत पैसे भरावेत आणि गरजेला काढावेत, तसं. म्हणून इंजिन गचके न देता फिरतं.

सिग्नलवरून गाडी निघते, तेव्हाही हीच बँक मदतीला येते. थांबलेल्या गाडीला हलवायला सुरुवातीला मोठा रेटा लागतो, आणि इंजिन तर तेव्हा हळू फिरत असतं. चाकातली साठवण नसेल, तर इंजिन 'खुक्' करून बंदच पडेल.

क्लच म्हणजे दोन तळहात

आता क्लच. तुमचे दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवा आणि घट्ट दाबा. एक हात फिरवायला गेलात, की दुसराही ओढला जातो. दाब सैल करा. आता एक हात फिरतो, दुसरा जागीच राहतो. झाला तुमचा क्लच!

गाडीत एक तळहात म्हणजे फ्लायव्हील. ते इंजिनाबरोबर फिरतं. दुसरा तळहात म्हणजे क्लचप्लेट. ती गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसलेली असते. तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते ती प्रेशर प्लेट. तिच्यात बशीसारखी एक जबरदस्त स्प्रिंग असते. पायाखालचा क्लच दाबला, की एक रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगला रेटतं, दाब सुटतो आणि इंजिन चाकांपासून वेगळं होतं. पाय उचलला, की पुन्हा पकड!

आता तळहाताला खोबरेल तेल लावून तोच खेळ करा. कितीही दाबा, हात सटकतोच. गॅरेजवाले म्हणतात ना 'क्लच स्लिप होतोय', ते हेच. इंजिन ओरडतं, आकडे चढतात, पण गाडी काही पळत नाही.

पेन्सिल काढा!

क्लच किती ताकद पेलेल, हे अगदी साध्या गुणाकारानं काढता येतं.

एमजीबीचं इंजिन जास्तीत जास्त पीळ किती देतं? मिस्त्री लोक याला 'टॉर्क' म्हणतात. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे १५ किलोचं वजन टांगलं, तर जेवढा पीळ बसेल तेवढा. आपण थोडक्यात '१५ चा पीळ' म्हणू.

क्लचप्लेटचा व्यास ८ इंच. तिच्या पकडीचा मधला भाग केंद्रापासून साधारण ८.७ सेंटिमीटरवर येतो. समजा, स्प्रिंगचा दाब आहे ४५० किलो. आणि प्लेटच्या अस्तराचा घर्षणांक आहे ०.३. म्हणजे दाबाच्या तीन दशांश एवढी पकड.

मग एका बाजूची पकड झाली ४५० × ०.३ = १३५ किलो. पण थांबा! क्लचप्लेटला बाजू दोन असतात. एक फ्लायव्हीलला घासते, दुसरी प्रेशर प्लेटला. म्हणून १३५ × २ = २७०. आता २७० ला ०.०८७ मीटरनं गुणा. उत्तर येतं साधारण २३.५.

इंजिनाचा पीळ १५, क्लच पेलतो २३.५. म्हणजे दीडपटीहून थोडा जास्तच. काय निघालं यातून? साध्या इंजिनाला साधा क्लच पुरून उरतो! कुणी इंजिन 'ट्यून' करून त्याचा पीळ समजा १८ वर नेला, तरी हा क्लच हरत नाही.

"पण काका, मग लोक जोरदार क्लच घेतात कशाला?"

छान विचारलंत! त्याचं कारण आहे उष्णता. क्लच घसरत घसरत पकड घेतो, तेव्हा तो तापतो. फार तापला, की साध्या अस्तराचा घर्षणांक खाली येतो. समजा ०.३ चा ०.२ झाला. पुन्हा गुणाकार करा : २३.५ चे राहिले सुमारे १५.७! ट्यून केलेल्या इंजिनाला १८ लागतात. आता क्लच हरला. घसरला, म्हणून आणखी तापला. तापला, म्हणून आणखी घसरला. शेवटी जळका वास! शर्यतीत गाडी वारंवार जोरात सोडावी लागते, म्हणून तिथे दणकट क्लच लागतो.

पकड वाढवायचे चार रस्ते

गुणाकारातच चारही रस्ते लपलेले आहेत, पाहा.

पहिला रस्ता, स्प्रिंगचा दाब वाढवणं. सोपं वाटतं, पण दाब वाढला की क्लचचं पायडल जड होतं. मुंबईच्या किंवा लंडनच्या ट्रॅफिकमध्ये डावा पाय भरून येतो. एवढंच नाही. पायडल दाबताना तो सगळा रेटा क्रँकशाफ्टला पुढे ढकलतो. क्रँकशाफ्ट पुढेमागे सरकू नये म्हणून एमजीबीच्या इंजिनात मधल्या बेअरिंगपाशी अर्धचंद्राच्या आकाराचे छोटे वॉशर असतात. सगळा भार त्यांच्यावर. रेटा वाढला, की तेही लवकर झिजतात. शिवाय या गाडीचं मूळचं रिलीज बेअरिंग म्हणजे गोळ्यांचं बेअरिंग नसून कार्बनचं कडं आहे. सिग्नलला क्लच दाबून बसायची सवय असेल, तर ते पेन्सिलीच्या शिशासारखं झिजत जातं. म्हणून शहाणा चालक सिग्नलला गाडी न्यूट्रल करतो आणि पाय बाजूला ठेवतो.

दुसरा रस्ता, प्लेट मोठी करणं. मग फ्लायव्हील आणि घंटेच्या आकाराचं बाहेरचं घर, दोन्हींत जागा हवी. नसेल, तर रस्ता बंद.

तिसरा रस्ता, प्लेटा वाढवणं. दोन प्लेटा लावल्या, की घासणाऱ्या बाजू होतात चार, आणि पकड दुप्पट. शर्यतीच्या गाड्यांत असं करतात. पण खर्च फार, आणि रस्त्यावर चालवायला कटकटीचं.

चौथा रस्ता, अस्तर बदलणं. यात तीन मुख्य प्रकार. साधं 'ऑरगॅनिक' अस्तर मऊपणे पकडतं आणि गाडी लोण्यासारखी निघते. केवलार घातलेलं अस्तर पुष्कळ टिकतं, पण नवं असताना पहिले काही शे किलोमीटर त्याला सांभाळून चालवून 'बसवावं' लागतं. घाई केली, तर ते काचेसारखं गुळगुळीत होतं. तिसरं म्हणजे भट्टीत भाजून केलेल्या धातूच्या भुकटीचं अस्तर. ते तापलं तरी पकड सोडत नाही. पण त्याला 'हळूच' हा शब्दच ठाऊक नाही! एक तर सुटलेलं, नाही तर पकडलेलं. गाडी सुटताना धडधडते, थरथरते, गिअरबॉक्सला दणके बसतात आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभागही लवकर खरवडला जातो.

पाहिलंत? एकही रस्ता फुकटचा नाही. पकड वाढली, की तिची किंमत कुठे तरी मोजावी लागतेच.

आता कोड्याचं उत्तर

एमजीबीचं इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेतंय, असं समजू. फ्लायव्हीलची त्रिज्या १५ सेंटिमीटर धरा. त्याच्या कडेचा वेग किती? हिशेब करा. ताशी सुमारे ३४० किलोमीटर! विमानच म्हणा ना!

आणि त्याच क्षणी गाडीचा वेग? १९६२ च्या एमजीबीत पहिला गिअर ३.६४ पट आणि मागच्या अ‍ॅक्सलचा ३.९१ पट फेरे कमी करतो. दोन्हींचा गुणाकार १४.२. म्हणजे इंजिनाचे १४.२ फेरे झाले, की रस्त्यावरचं चाक एकदा फिरतं. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरली, तर गाडी पळतेय ताशी फक्त ४८ किलोमीटरनं.

३४० आणि ४८. फ्लायव्हीलची कड गाडीच्या सातपट वेगानं पळतेय! आणि शाळेत शिकलात ना, की गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते? सातचा वर्ग ४९. म्हणजे कडेवरचं एक किलो लोखंड हे पहिल्या गिअरमध्ये गाडीवर लादलेल्या ४९ किलोंसारखं वागतं.

पण सगळं लोखंड कडेवर नसतं. केंद्राजवळचं लोखंड हळू फिरतं. सगळीकडे सारखी जाड असलेली तबकडी असेल, तर सरासरी निम्मी येते. म्हणून १० किलोचं फ्लायव्हील पहिल्या गिअरमध्ये १० × ४९ ÷ २, म्हणजे जवळजवळ २५० किलोंसारखं वागतं! गाडीचं सगळं वजन सुमारे ९२० किलो, हे लक्षात घ्या. फ्लायव्हील ६ किलोचं केलं, तर हा बोजा होतो सुमारे १५०. वाचले १०० किलो!

चौथ्या गिअरमध्ये मात्र कडेचा वेग गाडीच्या वेगाच्या जेमतेम दुप्पट असतो. दोनचा वर्ग चार. १० किलोचं चाक तिथे २० किलोंसारखं आणि ६ किलोचं १२ किलोंसारखं वागतं. वाचले फक्त आठ. सुटलं कोडं!

या उत्तरातून तीन गोष्टी कळतात. पहिली, हलक्या फ्लायव्हीलनं इंजिनाची ताकद एका घोड्यानंही वाढत नाही, आणि गाडीचा सर्वात जास्त वेगही वाढत नाही. वाढतो तो खालच्या गिअरमधला पिकअप. दुसरी, किती किलो काढले याएवढंच ते कुठून काढले हेही महत्त्वाचं. कडेवरून काढलेला एक किलो हा अर्ध्या त्रिज्येवरून काढलेल्या चार किलोंच्या बरोबरीचा. तिसरी, हलकं चाक पटकन वेग घेतं, तसंच पटकन सोडतं. त्यामुळे गिअर चटकन बदलता येतात. शर्यतवाल्यांना हे फार आवडतं.

पण बँकही रिकामी झाली ना!

हो! १० चं ६ केलं, म्हणजे साठवणही तेवढ्याच प्रमाणात घटली. आता उभी गाडी थोडी डुगडुगते, कारण दोन ठोक्यांमधली पोकळी भरून काढायला चाक कमी पडतं. घाटात चढावर गाडी थांबली आणि पुन्हा काढायची असली, तर इंजिन बंद पडायची भीती. मग चालक काय करतो? अ‍ॅक्सिलरेटर जास्त देतो आणि हाफ क्लचवर गाडी काढतो. हाफ क्लच म्हणजे घसरणं, घसरणं म्हणजे तापणं, आणि तापणं म्हणजे झिजणं!

बघा, फ्लायव्हील हलकं केलं आणि त्रास क्लचला झाला. म्हणून या दोन वस्तू वेगवेगळ्या निवडायच्या नसतात. बैलजोडीसारखं आहे हे. एक बैल तगडा आणि एक मरतुकडा असला, तर गाडा नीट ओढला जात नाही.

इथे मात्र चेष्टा नाही

फ्लायव्हील हलकं करायचं म्हणून कुणी जुनं बिडाचं चाक लेथवर चढवून वाटेल तसं खरवडतं. हे धोक्याचं आहे. बीड दाबाला घट्ट असतं, पण ताणाला कच्चं. चाक फिरताना त्याचा प्रत्येक कण बाहेर फेकला जाऊ पाहतो, आणि फेरे दुप्पट झाले की हा ताण चौपट होतो. बारीकशी चीर असली, तरी ६००० फेऱ्यांना चाक फुटू शकतं. त्याचे तुकडे ताशी ३०० किलोमीटरहून जास्त वेगानं उडतात, आणि ते चाक असतं कुठे? चालकाच्या पायांच्या पुढेच!

म्हणून फार हलकं चाक हवं असेल, तर ते अखंड पोलादातून कापलेलं घ्यावं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, क्लचच्या घासण्यानं ते खरवडून जाईल. म्हणून त्याच्यावर पोलादाची तबकडी पक्की बसवलेली असते.

शिवाय चाकाचं बॅलन्सिंग करून घ्यावंच लागतं. १५ सेंटिमीटर त्रिज्येवर एका बाजूला नुसते १० ग्रॅम जास्त झाले, तर ६००० फेऱ्यांना किती ओढ बसते माहितीये? सुमारे ६० किलो! तीही सेकंदाला शंभर वेळा दिशा फिरवत. बेअरिंगांचं काय होत असेल, विचार करा.

आणि गॅरेजमध्ये रमणाऱ्या मुलामुलींनो, ही सूचना खास तुमच्यासाठी. जुन्या गाड्यांच्या क्लचप्लेटच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. त्याचे तंतू फुप्फुसात गेले, तर अनेक वर्षांनी जीवघेणे आजार होतात. ब्रिटनमध्ये त्याच्यावर १९९९ साली बंदी आली, पण जुन्या गाडीत जुनी प्लेट अजून असू शकते. तेव्हा जुना क्लच उघडला, की त्याची धूळ फुंकायची नाही, हवेच्या पाइपनं उडवायची नाही. मोठ्या माणसांनी योग्य मास्क लावून, ओल्या फडक्यानं ती पुसायची, आणि तुम्ही तोवर लांब उभं राहायचं. समजलं?

तीन मालक, तीन उत्तरं

आता घेऊ निर्णय. समजा, तीन जणांकडे एमजीबी आहेत.

पहिल्या आहेत एक आजीबाई. रविवारी नातवाला शेजारी बसवून गावाबाहेर फेरफटका मारतात. इंजिन मूळचंच. त्यांना काय सांगाल? बरोबर! मूळ मापाचा क्लच, ऑरगॅनिक अस्तर, आणि मूळचंच फ्लायव्हील, फक्त त्याचा पृष्ठभाग तपासून साफ केलेला. गाडी मऊ निघेल, पाय दुखणार नाही.

दुसरा आहे टेकडीवरच्या शर्यतीचा शौकीन. इंग्लंडमध्ये शेल्सली वॉल्श नावाच्या ठिकाणी १९०५ सालापासून अशा शर्यती होत आल्या आहेत. एकेक गाडी सुटते आणि १००० यार्डांचा चढ चढते. सर्वात चपळ गाड्यांना अर्धं मिनिटही लागत नाही. इथे सगळा खेळ खालच्या गिअरांचा आणि झटपट सुटण्याचा. म्हणजे हलक्या चाकाचा फायदा इथेच! याला हलकं पोलादी फ्लायव्हील द्या. पण सुटतानाच क्लच तापणार, म्हणून स्प्रिंग थोडी जोरकस आणि अस्तर चांगल्या प्रतीचं. गाडी घरापासून चालवतच आणायची असेल, तर फार हलकं चाक नको आणि धातूचं अस्तरही नको.

तिसरा आहे सर्किटवर शर्यत लावणारा. गाडी ट्रेलरवरून आणतो, रस्त्यावर चालवतच नाही. इंजिन ट्यून केलेलं. एकदा सुटला, की थांबायचं शेवटीच, पण गिअर मात्र शेकडो वेळा बदलायचे. याला धातूचं अस्तर आणि खूप हलकं चाक शोभतं. गाडी सुटताना धडधडली, तर धडधडू दे!

आता गंमत पाहा. तिसऱ्याचा महागडा क्लच आजीबाईंच्या गाडीत बसवला, तर? गाडी प्रत्येक चौकात गचके देईल, बंद पडेल, आणि आजीबाई वैतागून गाडी विकून टाकतील. कंपन्यांच्या जाहिरातीत 'स्टेज वन, स्टेज टू, स्टेज थ्री' असे आकडे असतात. आपल्याला वाटतं, तिसरी यत्ता पहिलीपेक्षा वरची, म्हणून 'थ्री' चांगला. पण या काही शाळेच्या यत्ता नाहीत. क्रिकेटचे बूट फुटबॉलच्या बुटांपेक्षा 'वरचे' असतात का? नाही ना? तसंच हे.

खिशात हात घालण्यापूर्वी

क्लच घसरतोय, म्हणजे तो कमजोरच आहे असं नाही. तेल लावलेला तळहात आठवतोय ना? इंजिनाचं किंवा गिअरबॉक्सचं तेल गळून प्लेटवर आलं असेल, तर जगातला सर्वात भारी क्लचही घसरणारच. कधी प्लेट नुसतीच झिजलेली असते. कधी पायडलापासून क्लचपर्यंत तेलाचा दाब नेणारी यंत्रणा जुनी झालेली असते, आणि पायडल सोडलं तरी दाब पूर्ण सुटत नाही. आधी रोग शोधायचा, मग औषध घ्यायचं.

आणि एमजीबीची एक खोड आहे. तिचा क्लच बदलायचा, तर इंजिन बाहेर काढावं लागतं! म्हणजे दोन-चार तासांत उरकणारं काम नाही. म्हणून हुशार मिस्त्री एकदा इंजिन काढलं, की क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग ही तिन्ही एकदमच बदलतो, तेलाचं सील तपासतो आणि फ्लायव्हीलवर चिरा आहेत का तेही पाहतो. एका स्वस्त बेअरिंगसाठी पुन्हा सगळं इंजिन उतरवायची पाळी येऊ नये!

करून पाहा

आपल्या सायकलला स्टँडवर उभी करा आणि मागचं चाक हातानं पायडल फिरवून गती घ्यायला लावा. किती जोर लागला, ते लक्षात ठेवा. आता चिकणमातीचे दोन सारखे गोळे घ्या आणि चाकाच्या आऱ्यांवर, मधल्या कण्याजवळ, समोरासमोर घट्ट थापा. पुन्हा फिरवा. फारसा फरक जाणवणार नाही. मग तेच गोळे रिमजवळ थापा आणि फिरवून पाहा. गती घ्यायला जास्त जोर लागेल, पण चाक फिरत राहील जास्त वेळ! मग एकाच बाजूचा गोळा काढा आणि चाक हळू फिरवा. सायकल कशी थरथरते, ते पाहा. बॅलन्सिंग कशासाठी करतात, हे तिथेच कळेल. फार जोरात फिरवू नका, बोटं आऱ्यांपासून आणि साखळीपासून लांब ठेवा, आणि धाकट्या भावंडांना जवळ येऊ देऊ नका.

जाता जाता गृहपाठ : फ्लायव्हील ८ किलोचं ठेवलं, तर पहिल्या गिअरमध्ये त्याचा बोजा किती किलोंसारखा वाटेल? आणि एमजीबीचा दुसरा गिअर २.२१ पट आहे, तर दुसऱ्यात किती? सगळी माहिती वरच आहे. वहीत मांडा आणि विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना दाखवा.

पुढच्या अंकात शिरू या गिअरबॉक्सच्या पोटात. दात मोजायची तयारी ठेवा!